पायाळूचा पाय अन् काकाजीची मान

माहा उजवा पाय आत्याबाईच्या हातात होता, डावा फरशीवर होता, अन् काकाजी माह्याकडं पाठ करून स्टूलावर बसले होते. गळ्यातल्या कॉलरचा पट्टा सोडलेला. आत्याबाई माहा पाय वर ओढून राहिली होती, थेट काकाजीच्या मानेपर्यंत, अन् मी एका पायावर कोंबडीवानी उड्या मारून राहिली होती.

"लाव वं पोरी! नुसता अंगठा लाव!" आत्याबाई म्हणे.

"आत्याबाई, ऑपरेशनची मान आहे हो!"

"म्हणूनच तं लाव म्हणते. चांगल्या मानेले कोण पाय लावते?"

काकाजी भिंतीकडं तोंड करून बसल्या बसल्या म्हणे, "जे करायचं ते लवकर करा वं. मले उघड्या मानेले पंखा लागून राहिला."

अव माय! मले हासूही येऊन राहिलं होतं अन् रडूही. माह्या अंगठ्यात अन् त्या मानेत हातभर जागा उरली होती, अन् त्या मानेत स्क्रू होते.

हे कसं झालं ते सांगते. मी ब्युरोकडून ड्यूटी करते. ब्युरो म्हणजे घरोघरी पेशंट सांभाळायले बाया पाठवते ते ऑफिस. मी नर्स नाही. नववीत शाळा सुटली माही. आमाले अटेंडंट म्हणते. पेशंटले उठवायचं, चालवायचं, आंग पुसायचं, जेवू घालायचं, गोळ्या द्यायच्या, अन् डॉक्टरनं सांगतलं तेच करायचं, आपली अक्कल नाही लावायची. हे शेवटचं ब्युरोवाल्या ताई दर ड्यूटीच्या आधी फोनवर सांगते, अन् सांगून झालं का विचारते, "काय सांगतलं मी?" मंग आपण परत म्हणून दाखवायचं.

माही पोरगी तवा नुकती बसायले लागली होती. तिले सासूबाईपाशी ठेवून मी पहिल्यांदाच दिवसभराची ड्यूटी धरली होती. आधी दोन पेशंट केले, एक पायाच्या फ्रॅक्चरचा, एक साखरेवाली बाई. मानेचा हा पहिलाच. मानेचं मले पहिल्यापासूनच भेव. पोरगी झाली तं तिनं मान धरेपर्यंत मी तिले कोणाच्या हातात देत नव्हती, सासूबाई घ्यायले आली तरी मी खालून हात लावून उभी. अन् इथं पूर्ण वाढलेला माणूस, पांढऱ्या मिशीचा, लकडगंजातला लाकडाचा व्यापारी, ज्याच्या आवाजानं खालच्या लाकूड चिरायच्या आरामशीनवरचे हमाल सरळ उभे राहत, त्याची मान सांभाळायची!

घर वर, दुकान खाली. खाली दिवसभर आरामशीन किर्रर करे. काकाजीची बायको वारलेली, पोरगा दुकानात. घरात काकाजी, अन् रामटेकहून आलेली त्याईची मोठी बहीण, म्हणजे आत्याबाई. महालक्ष्म्यांसाठी आली होती, तेवढ्यात भावाचं ऑपरेशन निघालं, तं राहून गेली.

ऑपरेशन काय होतं तेही सांगते, मले जसं समजलं तसं. मानेत मणके असते, एकावर एक. दोन मणक्याच्या मधात गादी असते. काकाजीची एक गादी सरकून नसेले दाबून राहिली होती. हात बधिर पडे, चहाचा कप हातातून सुटे. डॉक्टरनं समोरून, गळ्याकडून चीर देऊन ते गादी काढली, तिथं हाडाचा तुकडा बसवला, अन् तो हालू नये म्हणून वरून प्लेट अन् स्क्रू. वरून मोठी कॉलर, हनवटीपर्यंत.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी फिजिओ मॅडमनं आमाले सगळ्याईले बसवून समजावून दिलं. फिजिओ म्हणजे व्यायामवाली डॉक्टर. चांगली हासरी, पण काकाजीपेक्षा जास्त कडक.

"चालणं दुसऱ्या दिवशीच सुरू केलंय, ते रोज करायचं," मॅडम म्हणे. "बोटं उघडायची, मिटायची. लांब श्वास घ्यायचे. हा झाला आत्ताचा व्यायाम. मान वळवायची नाही, वाकवायची नाही, चोळायची तर मुळीच नाही. एक्स-रेत हाड जुळताना दिसलं आणि सर्जन हो म्हणाले, की मानेचा व्यायाम मी सुरू करून देईन."

"माह्या साडूच्या मेव्हण्याचा तं पंधरवड्यातच सुरू केला," काकाजी म्हणे.

"त्यांचं ऑपरेशन वेगळं असेल, त्यांचे डॉक्टर वेगळे. दुसऱ्याचं पाहून नाही करायचं. काकाजी, तुम्ही लाकडाचा जोड सरस लावून शिकंज्यात धरता ना? ओला असताना ओढला तर?"

"उकलते."

"आणि शिकंजा काढलाच नाही, वर्षभर तसाच ठेवला तर?"

"तं गिऱ्हाईक पळून जाते," काकाजी म्हणे, अन् स्वतःच हासले, अन् हासता हासता गळ्यात टाका दुखला तं माह्याकडं असं पाह्यलं जशी मीच जोक मारला.

ते सरसाचं मले एकदम समजलं. ओला जोड. रोज सकाळी मी मनात म्हणे, वैशाली, ओला जोड आहे, ओला जोड आहे, अन् त्याईले बिछान्यातून उठवे ते कूस बदलून, खांदा अन् मान एकाच वेळी, अख्खी फळी उचलल्यासारखी.

सगळं चांगलं चालू होतं. बिघडलं ते माह्या जिभेनं.

एक दिवस आत्याबाई निंबू कापून राहिली होती अन् मी काकाजीची खिचडी घोटून राहिली होती, गळ्याच्या ऑपरेशनमुळं त्याईले गिळायले अडके. आत्याबाईनं विचारलं, "पोरगी कशी झाली तुही?"

"ऑपरेशननं. पण मी स्वतः तं घरीच झाली, सावनेरपाशी गावात. तेही उलटी. पायाकडून."

निंबू कापायचं थांबलं. "पायाळू?"

"हो."

"अवं, आधी नाही सांगत?"

आता ज्याले माहीत नाही त्याले सांगते. पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेलं माणूस. कोणाच्या पाठीत उसण भरली, म्हणजे वाकता वाकता चमक धरली, तं पायाळूनं तिथं पाय लावला का उसण जाते म्हणते. खरं का खोटं मले माहीत नाही. पण लहानपणापासून गावातले माहा पाय मागायले येत, जसे कोणाच्या घरची शिडी मागायले येतात.

आत्याबाईनं पहिला पाय स्वतःच्याच कमरेले लावून घेतला. दुसऱ्या दिवशी उठून म्हणे, "गेली! पोरीवानी चालली मी!" अन् गॅलरीत उभी राहून शेजारच्या घरी आवाज देऊन सांगतलं. मंग शेजारीण आली. मंग तिची नणंद आली. मंग खालच्या हमालाईले समजलं. हमालाईच्या पाठी तं दिवसभर फळ्या वाहून दुखतच असते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते मागच्या जिन्यानं येत अन् पायऱ्याईवर ओळीनं पाठी करून बसत, अन् मी एका हातात काकाजीची वाटी, एक हात भिंतीले, अन् टक, टक, टक, एकेका पाठीले अंगठा लावत खाली उतरे. एवढी हासे मी! हमालही हासत. "ताई, जरा डाव्या बाजूनं," "ताई, मले दोनदा." एक जण म्हणे, "माह्या सासूले घेऊन येऊ का? पण तिले जोरानं लावजा."

काकाजी आतून बिछान्यावरून ऐकत. अन् त्याईच्या मानेत आखडल्यासारखं वाटून राहिलं होतं. कॉलरमध्ये मान एकाच जागी, तं आखडणारच, मॅडमनं आधीच सांगतलं होतं. पण काकाजीले वाटे, सगळ्या लकडगंजले फायदा, अन् ज्याच्या घरची बाई त्यालेच नाही? म्हणजे घरचा दिवा अन् घरातच अंधार!

मंग एका दुपारी मी गोळ्या घेऊन आली तं आत्याबाईनं दार लावून घेतलं, काकाजीनं कॉलरचा पट्टा सोडला, अन् सुरू झालं ते, जे मी सुरुवातीले सांगतलं.

मी पाय ओढे, आत्याबाई पाय ओढे. त्या बाईच्या हाताले रामटेकच्या धानाची ताकद. मी म्हटलं, "मॅडमले विचारते."

"मॅडम पायाळू आहे का?"

"नाही."

"मंग तिले काय समजते?"

आता मी नाही म्हटलं असतं तं आत्याबाईनं भावाले सांगतलं असतं, भावानं ब्युरोले सांगतलं असतं, ही बाई ऐकत नाही. हो म्हटलं असतं तं ओला जोड. माह्या डोळ्यापुढं माही पोरगी आली, तिची मान लटकन मांगं गेली होती एकदा आंघोळ घालताना, अन् माहा जीव गेला होता. तेवढ्यात बाहेर आभाळ गुरगुरलं, अन् माह्या तोंडातून निघून गेलं:

"आत्याबाई, पायाळूवर वीज पडते!"

"तं?"

"तं काकाजीच्या मानेत प्लेट आहे! स्क्रू आहे! धातू! वीज माह्यावर आली का पायातून सरळ त्याईच्या मानेत!"

पायाळूवर वीज पडते हे तं सगळ्याईलेच माहीत. माही माय आभाळ भरलं का मले घरात कोंडे. आत्याबाईलेही माहीत होतं. तिनं माह्या पायाकडं पाह्यलं, खिडकीकडं पाह्यलं, काकाजीच्या मानेकडं पाह्यलं. अन् आभाळ, बाप्पा, त्याच वेळी असं कडाडलं का खिडकीच्या काचा थरथरल्या.

आत्याबाईनं पाय सोडला. मी धपकन खाली पडली. काकाजीनं आपल्या हातानं कॉलर एवढी घट्ट लावली का मलेच ते सैल करा लागली, दम कोंडला असता.

मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून हासली. एवढी हासली का पोट दुखलं. जोड वाचला होता!

त्या दिवसापासून काकाजीवानी पेशंट तुमाले सापडणार नाही. कॉलर झोपेतही नाही काढली. चालणं वेळेवर, बोटं वेळेवर, श्वास वेळेवर. फक्त आभाळ आलं का मले म्हणत, "पोरी, तू जरा स्वयंपाकघरात बस." मी ताट ठेवून मांगं सरके तं ते ताट ओढून घेत, जसं मांजरीपुढून दूध. ब्युरोवाल्या ताईले फोन करून सांगतलं त्याईनं, "बाई चांगली आहे, पण अंतर ठेवते ते बरं."

ताईनं मले विचारलं, "काय केलं तू? तुही तारीफ आली."

"डॉक्टरनं सांगतलं तेच," मी म्हटलं.

मंग एक्स-रे झाला. सर्जननं पाह्यला, खूश झाले. हाड पकडून राहिलं आहे म्हणे, कॉलर काढा, मानेचा व्यायाम सुरू करा. मी घरी येताना रिक्षात गाणं गुणगुणून राहिली होती. मले काय माहीत खरी कहाणी आता सुरू होणार आहे.

दुसऱ्या दिवशी फिजिओ मॅडम आली. काकाजी सोफ्यावर, कॉलर गळ्यात.

"काकाजी, कॉलर?"

"राहू द्या."

"सर्जननी काढायला सांगितलीय ना?"

"सर्जनचं काय जाते? त्याईच्या मानेत थोडी प्लेट आहे." अन् बोट माह्याकडं केलं. "ही पोरगी पायाळू आहे. हात लावू नको म्हणा तिले. मान हालली, प्लेट उघडी पडली, अन् वरून वीज... नाही. माही मान अशीच बरी आहे."

मॅडमनं माह्याकडं पाह्यलं. मी पंख्याकडं पाह्यलं. पंखा बंद होता.

मॅडमनं शांतपणे समजावलं. प्लेट आत आहे, मांसाखाली, उघडी पडत नाही. पेशंट दोन तऱ्हेनं मान बिघडवतात, कोणी घाई करून, कोणी भीतीनं. आधी हालवली असती तं जोड सुटला असता. आता नाही हालवली तं स्नायू आखडतील, मान ठोकळ्यावानी होईन, आजूबाजूले पाहायचं तं अख्खं आंग वळवा लागन. व्यायाम रोज पाहिजे, मॅडम रोज येऊ शकत नाही, म्हणून तो मी करून घ्यायचा.

"हिच्या हातानं तं नाहीच," काकाजी म्हणे.

मॅडमनं मले गॅलरीत नेलं. "वैशाली, हे वीजबीज काय आहे?"

मी सगळं सांगून टाकलं, एका दमात, पाय, आत्याबाई, आभाळ, कडाड. मले वाटलं आता रागावन. तिनं तोंडावर रुमाल धरला. खांदे हालून राहिले होते तिचे. मंग डोळे पुसून म्हणे, "तेव्हा मान वाचवलीस. पण आता तूच सोडव."

मी आत गेली अन् काकाजीले हात जोडून म्हटलं, "काकाजी, ते विजेचं मी मनानं बनवलं होतं. तुमच्या मानेले पाय लागू नये म्हणून. काही नाही होत. लावू द्या मॅडमले हात, लावू द्या मले हात."

काकाजीनं मिशीवरून हात फिरवला अन् बहिणीले म्हटलं, "पाह्यलं का? नोकरीसाठी माणूस काय काय खोटं बोलते!"

घ्या! खोटं बोलली तवा देव मानलं, खरं बोलली तं खोटी!

संध्याकाळी ब्युरोवाल्या ताईचा फोन. "वैशाली, पेशंट म्हणते बाई बदलून द्या. विजेची बाई नको. विजेची बाई म्हणजे काय गं? तू काय वायरमन आहेस का? उद्याचा दिवस पाह्य, नाहीतर मी दुसरी पाठवते. काय सांगतलं मी?"

"उद्याचा दिवस पाह्य," मी म्हटलं. घरी सासूबाईनं पोरगी मांडीवर दिली तं तिनं माही मान पकडून ओढली, अन् मी तिलेच म्हटलं, "तू तरी सोड वं."

दुसऱ्या दिवशी मॅडम येणार होती. काकाजी कॉलर घालून बसलेले, चेहरा असा जसा कोर्टात आले. आत्याबाई त्याईच्या बाजूनं. मॅडम आली, स्टूल ओढला. खाली आरामशीन किर्रर करून राहिली होती.

घाबरून मी म्हटलं, "काकाजी, आमच्या गावात वायरमन लाकडाच्या पाटीवर उभा राहून काम करे. मी पाटावर उभी राहते. तुमीच सांगा, लाकडातून वीज जाते का?"

काकाजी एकदम ताठ झाले. "लाकडातून? सुक्या लाकडातून वीज नाही जात."

"मंग मी देवघरातला पाट घेते."

"तो? तो आंब्याचा आहे. आंब्यात ओल धरते. अशा कामाले आंबा नाही चालत बाई!" आता त्याईचा आवाज दुकानातला झाला होता. "सागवान पाहिजे. जुनं. ज्याच्यातला रस मेला असं." अन् मोबाईल काढून खाली पोराले लावला. "ते मागच्या शेडमधलं जुन्या सागाचं फळीट आहे ना, दाराच्या चौकटीचं उरलं होतं ते, वर पाठव. हो, आत्ताच! नाही, गिऱ्हाईक नाही, माह्या मानेसाठी!"

मॅडमनं मले हळूच चिमटा काढला. मले समजलं नाही काहून.

दोन हमाल फळीट घेऊन आले. त्याईले आतापर्यंत सगळं माहीत झालं होतं, ते गेलेच नाही, दारातच उभे राह्यले. मी रबराची चप्पल घालून तयार. आत्याबाईनं फळीटावर हळदी-कुंकू वाहिलं, म्हणे असू द्या.

"थांबा," काकाजी म्हणे. "फळी सरळ नसन तं बाई घसरन. इकडं आणा."

आता लाकूडवाला फळी कशी पाहते माहीत आहे का? एक टोक डोळ्यापाशी धरते, एक डोळा मिटते, गाल लाकडाले लावते, अन् त्या टोकापर्यंत नजर नेते. वाकडं असन तं तिथंच दिसते. काकाजीनं हमालाईले फळी खांद्याच्या उंचीवर धरायले लावली. गाल लावायले गेले, तं कॉलर मधात. सरकवली. तरी मधात. "च्या मायले हिच्या," काकाजी म्हणे, अन् फर्रकन पट्टा सोडला अन् कॉलर सोफ्यावर फेकून दिली.

अन् मान उजवीकडं झुकली. हळूच, थोडीशी, जशी महिन्यांनी दार उघडताना कडी सरकते तशी. एक डोळा मिटला. मॅडम दोन्ही हात पसरून त्याईच्या मांगं उभी, हात न लावता. आत्याबाईनं तोंडावर पदर धरला. हमाल फळी धरून श्वास रोखून उभे. आता मॅडम म्हणे, "हळू, काकाजी, एवढंच पुरे. आता दुसऱ्या बाजूनं पाहायचं असेल तर तेवढंच हळू."

काकाजी ऐकत नव्हते, ते फळीत होते. पलीकडून फिरून आले, दुसऱ्या डोळ्यानं पाह्यलं, मान डावीकडं झुकली. मंग सरळ झाले अन् ओरडले, "अरे ही तं वाकडी आहे! कोणी घेतली ही? मधात बाक आहे हिले! मी चौकटीले ही फळी..." अन् थांबले.

मानेले हात लावला. कॉलर नव्हती. एकदा उजवीकडं पाह्यलं. एकदा डावीकडं. हमालाकडं, मॅडमकडं, माह्याकडं, अंग न वळवता.

"मान..." काकाजी म्हणे.

"हो," मॅडम म्हणे. "हालली. आणि वीज नाही पडली."

मी एवढ्या जोरानं हासली का हमालाईच्या हातून फळी सुटता सुटता राह्यली. मंग आत्याबाई हासली, मंग काकाजीही, मान धरून, "दुखते वं, हासवू नका." मॅडमनं लगेच दटावलं, पहिल्याच दिवशी एवढं नको होतं, आता बर्फ लावा अन् उद्या याच्यातलं अर्धंच. पण डोळे तिचेही हासून राहिले होते.

त्या दिवसापासून व्यायाम रोज झाला, माह्याच हातानं. कपाळाले माहा तळवा लावायचा, त्याईनं तळव्यावर हळू दाब द्यायचा, मान न हालवता. मंग थोडं इकडं, थोडं तिकडं, दुखलं का थांबायचं. काकाजी पहिले काही दिवस मले सागाच्या फळीवर उभी राहून करायले लावत, रबराची चप्पल घालून. मंग एक दिवस फळी कोणीतरी खाली नेली, अन् कोणाच्या ध्यानातच आलं नाही. नेली कोणी तं काकाजीनंच, गिऱ्हाईकाले दाखवायले. वाकडी सांगून स्वस्तात दिली म्हणे.

मान चांगली झाली. डावीकडं थोडी कमी वळते, तेवढी कमी राहीनच असं मॅडम म्हणे, सगळ्याईची थोडी राहते. हात बधिर होणं गेलं. ड्यूटी संपली तं ब्युरोवाल्या ताईनं मले दुसरा मानेचाच पेशंट दिला, म्हणे मानेवाल्याईत तुही आता डिमांड आहे.

फक्त आत्याबाईचं मत बदललं नाही. ती रामटेकले जाताना सगळ्या गल्लीत सांगून गेली का पोरीनं पाय लावायच्या आधीच गुण आला, एवढी पक्की पायाळू आहे. मी मॅडमचं नाव घेतलं, एक्स-रेचं घेतलं, सरसाचं सांगतलं. म्हणे, "तू लाजते."

मले यातून एकच समजलं. कॉलर कधी काढायची ते डॉक्टरले विचारायचं असते. पेशंटले काही खोटं सांगतलं असन तं ते त्याच्या मनातून कधी काढायचं, तेही त्याच दिवशी विचारून ठेवायचं.